डावी कटोरी

मंगळवार, ४ मार्च

आजपासून लिहिणार. शाळेत चार यत्ता गेले, त्यातली एक निम्मी आजारपणात गेली, त्यामुळे अक्षराला कोणी हसू नये. हसायला वाचणार कोण म्हणा.

लिहायचं कारण तो गोडबोल्या. गोडबोल्या म्हणजे माझा क्लिनिकवाला डॉक्टर. नऊ वर्षांपूर्वी त्यानेच माझी छाती मोठी करून दिली. दोन्ही बाजूंना आत एकेक पिशवी बसवली. का करून घेतली? मला पाहिजे होती म्हणून. वीस वर्षं दुसऱ्या बायकांसाठी ब्रा शिवल्या आणि मला स्वतःला सगळ्यात लहान नंबरही ढगळ व्हायचा. नवऱ्याने सांगितलं नव्हतं, कोणी टोमणा मारला नव्हता. मला आरशात तसं दिसायचं होतं, झालं. याहून मोठं कारण ज्याला पाहिजे त्याने आपल्या घरी जाऊन शोधावं.

तर गेले तीन महिने डावी बाजू फुगते आहे. आज तिसऱ्यांदा गेले. त्याने सुई घातली, पिवळट पाणी काढलं, चांगली मोठी सिरिंज भरून, बेसिनमध्ये ओतलं आणि वर नळ सोडला.

"जड उचलता का?"

"नाही."

"मागच्या वेळी उचलते म्हणालात."

"मागच्या वेळी मी म्हणाले की पायाने मशीन चालवते. पायाचं पाणी छातीत चढतं का?"

"या वयात होतं असं, ताई. काळजी करू नका." आणि हसला.

मागच्या वेळी मी काय बोलले हे हा माणूस मलाच सांगणार! म्हणून ही वही. कारखान्यातलीच आहे, नग मोजायचे रकाने आहेत, त्यांच्यावरून लिहिते. माप पण लिहिते. टेप मधल्या हाडापासून काखेखालपर्यंत धरली. उजवी नऊ इंच. डावी, पाणी काढून आल्यावर, नऊ आणि एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग जास्त.

गुरुवार, ६ मार्च

कारखान्यात मी दोन कामं करते. एक शिवणाचं. दुसरं म्हणजे मी मापाची बाई. नवीन नमुना आला की पडद्यामागे तो माझ्या अंगावर चढवतात, कुठे ओढतो, कुठे झोळ पडतो बघतात आणि त्यावरून कागदी फर्मा पक्का करतात. मग माझ्या मापावर हजारभर नग कापले जातात. ऑपरेशन झाल्यावर आमच्या मास्तरीणबाईंनी टेप लावली होती आणि म्हणाल्या होत्या, "अगं, तू तर जशीच्या तशी नंबराच्या मापाची आहेस. पुतळा कशाला पाहिजे?" तेव्हापासून हे काम माझं. मास्तरीणबाई म्हणजे कापणीची मुख्य. पासष्टीची आहे, कात्री अशी चालवते की कापडाला कळत नाही.

आज नवीन नमुना चढवला तर डावी कटोरी ताणायला लागली.

"दोन सूत सोडावं लागेल," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"गेल्या खेपेलाही तुम्ही सोडलं होतंत. नीट कापता की नाही?"

"माझ्या कापण्याला बोलू नकोस. तुझी डावी फार शेफारली आहे."

सगळ्या हसल्या, मीही हसले. त्यांनी फर्म्याचा डावा भाग वाढवला. हात म्हातारा झाला की असं होतं, दुसरं काय.

घरी नवरा फोन आला की जिन्यात जाऊन बोलतो. बस चालवणारा माणूस, आयुष्यभर खिडकीतून ओरडून बोलला, आता कुजबुजायला शिकलाय. या वयात काय धंदे सुरू केलेत देव जाणे. विचारलं नाही. विचारायची माझी इच्छा नाही.

मंगळवार, ११ मार्च

डावी पावणेदहा. पाणी परत भरलं. आठवड्यात.

दुखत नाही. जड वाटतं. कपडे बदलताना नवऱ्याने बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं. नको बघू.

शनिवार, १५ मार्च

आज कारखान्यात राडा. गेल्या महिन्यातले, मागच्या खेपेच्या फर्म्यावरचे बाराशे नग परत आले. सगळ्यांची एकच तक्रार, डावी कटोरी मोठी. दुकानवाल्याने चिठ्ठी लावली होती, "तुमच्याकडे बायका अशा असतात का?"

मालक लालबुंद. विचारलं, "फर्मा कोणी वाढवला?"

मी तोंड उघडलंच. "मास्तरीणबाईंनी. मी तेव्हाच म्हणाले होते. यांची नजर गेली आहे, बाराशे नगांत एक तरी सरळ आहे का बघा."

मास्तरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. कात्री टेबलावर ठेवली. मालकाने त्यांना धागे कापायला बसवलं, नवीन पोरींच्या रांगेत. त्या चष्मा पुसून बसल्या.

बरं झालं. चुकलं तर चुकलं म्हणावं माणसाने.

सोमवार, १७ मार्च

हे लिहायला हात जड झालाय पण लिहिणार.

दुपारच्या सुट्टीत परत आलेल्या ढिगातला एक नग उचलला आणि पडद्यामागे गेले. कशी काय चूक झाली ते बघावं म्हणून. अंगात घातला, हूक लावला.

काय सांगू. असा बसला की जणू अंगावरच शिवलाय. ना झोळ, ना ताण. बाराशे बायकांना जो बसला नाही तो मला बसला.

कात्री बरोबर होती. मी वाकडी होते.

बाहेर येऊन मास्तरीणबाईंच्या पुढ्यात उभी राहिले. त्या धागे कापतच राहिल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"गेल्या खेपेला शंका आली. या खेपेला खात्री झाली."

"मग बोलला का नाहीत?"

"सगळ्यांसमोर काय बोलू? हिच्या अंगात काहीतरी बिघडलंय म्हणू? मापाचं काम त्याच दिवशी गेलं असतं तुझं." मी सुईचं, पाण्याचं, बेसिनचं सगळं सांगितलं. मग आवाज बारीक करून म्हणाल्या, "मी धागे कापीन गं. ते नंतर बघू. तू आधी ते दाखव कुठेतरी. बेसिनवाल्याकडे नको."

मी सरळ मालकाच्या खोलीत गेले. म्हटलं, फर्मा चुकला नाही, मी चुकले. माझ्या आत पाणी भरतंय, त्या मापावर तुम्ही बाराशे नग कापलेत, मास्तरीणबाईंना कात्री परत द्या. मालक टेबलावरच्या कागदांकडे बघत राहिला. "बाईंच्या गोष्टी मला नका सांगू," म्हणाला. मी म्हटलं, "बाईंच्या गोष्टींवरच कारखाना चालतो तुमचा."

चार वाजता कात्री परत मिळाली. माफी मागायला मला जमत नाही. त्यांच्या टेबलावरचे कापडाचे तुकडे उचलून दिले. त्या म्हणाल्या, "राहू दे, अजून पसारा करशील."

मंगळवार, १८ मार्च

गोडबोल्याकडे गेले, पण शेवटचं. तो परत आलेला नग पिशवीत घालून नेला आणि त्याच्या टेबलावर ठेवला.

"हे काय, ताई?"

"माझी तपासणी. तुम्ही केली नाहीत, बाराशे बायकांनी केली."

हसला. म्हणाला, तुम्ही फार विचार करता.

"त्या पाण्यात काय आहे ते बघितलंत का?"

"त्यात बघण्यासारखं काही नसतं."

"न बघता कसं कळलं?"

हसू थोडं उतरलं. मग म्हणाला, "एक आजार असतो. पण इतका दुर्मीळ, इतका दुर्मीळ, की माझ्या एवढ्या वर्षांत एकही पेशंट मी पाहिला नाही."

"पाणी बेसिनमध्ये ओतल्यावर दिसणार कुठून?"

यावर त्याने खण उघडून एक कागद काढला. दोन्ही पिशव्या नव्या घालून देतो, तुम्हाला काही पडणार नाही, फक्त इथे सही करा. मी वाचायला घेतला. "वाचत बसू नका, नेहमीचंच आहे," म्हणाला. मी एकेक अक्षर लावून वाचते, मला वेळ लागतो, त्याला थांबावं लागलं. खालून तिसऱ्या ओळीत होतं, माझी कसलीही तक्रार नाही व पुढेही राहणार नाही. कागद त्याच्याकडे सरकवला.

"माझ्या पिशव्यांचा नंबर द्या."

"कसला नंबर?"

"आमच्याकडे कापडाच्या ताग्यालासुद्धा नंबर असतो. कापड विटलं तर कुठल्या गिरणीतून आलं ते सापडतं. तुम्ही माणसाच्या आत बिननंबरी माल भरता?"

म्हणाला, कार्ड तेव्हाच दिलं होतं, इतकं जुनं रेकॉर्ड आम्ही ठेवत नाही.

घरी येऊन कपाट उपसलं, पेटी उपसली, गादी उचलली. नवरा दारात उभा. "काय शोधतेस?" म्हटलं, तुझं डोकं. मग सांगितलं. त्याने खिशातून लायसन्सचं पाकीट काढलं, मागच्या कप्प्यातून एक कार्ड काढलं. कडा झिजलेल्या, पण नंबर शाबूत.

"हे तुझ्याकडे कसं?"

"तू गुंगीत होतीस. नर्सने माझ्या हातात दिलं. जपून ठेवा म्हणाली."

"नऊ वर्षं बोलला नाहीस?"

"तू बोलू दिलंस कुठे?"

शिवाय म्हणाला की बुधवारी, दोन तारखेला मोठ्या हॉस्पिटलात नंबर लागलाय, बसमधला कोणी ओळखीचा आहे त्याने लावून दिला. बरं आहे, या माणसाला निदान ओळखी तरी आहेत.

बुधवार, २ एप्रिल

डावी दहा आणि दोन सूत.

मोठ्या हॉस्पिटलात खिडकीवरचा कारकून विचारतो, "आधी काही ऑपरेशन?"

"छातीचं."

"कशासाठी?"

"मोठी करायला."

मागच्या रांगेने माना वर केल्या. एक म्हातारी पुटपुटली, हौसेचं दुखणं. मी वळले. म्हटलं, "आजी, हौसेने केलं, चोरी करून नाही. दुखणं मात्र हौसेने आणलेलं नाही." म्हातारी दुसरीकडे बघायला लागली. कारकुनाने शिक्का मारला.

डॉक्टरीण एवढीशी. मला वाटलं शिकाऊ आहे. पण तिने आधी कार्ड मागितलं. नंबर बघितला, कॉम्प्युटरवर काढला, म्हणाली ही खरबरीत पृष्ठभागाची पिशवी. मग समजावलं. पिशवीभोवती आपलं अंग एक आवरण तयार करतं. फार थोड्या बायकांत, पुष्कळ वर्षांनी, त्या आवरणात एक जातीचा कॅन्सर होतो. स्तनाचा नव्हे, रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा. एका बाजूला अचानक पाणी भरणं हीच त्याची खूण. नेहमीच्या तपासणीत निसटतो, खास तपासणी सांगावी लागते.

"आणि झाला असेल तर?"

"लवकर सापडला तर बहुतेक वेळा काढून टाकला की संपतो. म्हणून पाणी बघायचं."

पाणी काढलं आणि बाटलीत घातलं. बाटलीवर माझं नाव, तारीख, बाजू डावी, सगळं माझ्यादेखत लिहिलं. मी म्हटलं, परत वाचून दाखवा. तिने दाखवलं. ही बाई मला पटली.

बाहेर नवरा उभाच होता. म्हटलं बस की, बाकडं रिकामं आहे. म्हणाला, बसून बसून आयुष्य गेलं.

गुरुवार, १० एप्रिल

रिपोर्ट नाही. आज सुई बोटात गेली. आरपार. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मशीनचं काहीतरी ढिलं झालं असणार. मास्तरीणबाईंनी बोट बांधलं आणि मशीन बघितलंसुद्धा नाही.

संध्याकाळी नणंदेचा फोन. भावाकडून कळलं म्हणे.

"वहिनी, देवाने दिलं होतं त्यात काय कमी होतं? कोणी सांगितलं होतं हे उद्योग करायला?"

"वन्सं, देवाने दिलेले दात काढून तुम्ही अख्खी कवळी बसवलीत, ते कोणी सांगितलं होतं?"

"ते चावायला लागतात!"

"मला हे आरशात बघायला लागतात."

आपटला फोन. अर्ध्या तासाने परत केला. म्हणाली, रिपोर्ट कळला की सांग, मी जागीच असते. कशाला जागी असते ही? झोपावं माणसाने वेळेवर.

बुधवार, १६ एप्रिल

आहे. तोच आहे.

डॉक्टरिणीने सरळ सांगितलं, गोल गोल बोलली नाही. स्कॅनमध्ये दुसरीकडे कुठे पसरलेला दिसत नाही. दोन्ही पिशव्या काढायच्या, भोवतीच्या आवरणासकट, अख्ख्या, मध्ये न फाडता. मी म्हटलं, कळलं, अस्तर न उसवता काढायचं. ती म्हणाली, अगदी तसंच. नंतर वर्षभराने पाहिजे तर दुसरं काही बसवता येईल.

"नको."

"आत्ताच ठरवायची गरज नाही."

"मी ठरवलंय. तेव्हा ठेवायचं मी ठरवलं, आता काढायचंही मीच. दोन्ही वेळेला मीच शहाणी."

घरी येताना नवऱ्याने माझ्या हातातली पिशवी घेतली. रस्ताभर मी कुठल्याही बाजूने चालले की तो माझ्या आणि गाड्यांच्या मध्ये. म्हटलं, नीट चाल ना, पायात येतोस.

त्याने आपला मार्गही बदलून घेतलाय. आता त्याची बस हॉस्पिटलवरून जाते. म्हणतो त्या रस्त्याला गर्दी कमी. खोटं आहे, तिथे मरणाची गर्दी असते.

शनिवार, १९ एप्रिल

रिपोर्टची प्रत घेऊन गोडबोल्याकडे गेले. आत सोडेनात. बरं, म्हटलं, बसते. बाहेरच्या खोलीत मऊ खुर्च्या आहेत, थंड हवा आहे, सहा-सात बायका होत्या. मी उभी राहिले.

"बायांनो, मी नऊ वर्षांपूर्वी इथे करून घेतलं. तुम्हीही करा, माझी ना नाही. ज्याचं अंग त्याची मर्जी. पण पिशवीचं कार्ड हातात घ्या, आणि नंतर एका बाजूला पाणी भरलं तर ते फेकू देऊ नका. तपासा म्हणा. माझं तीनदा फेकलं. त्यात हे होतं." आणि रिपोर्ट वर धरला.

काउंटरवरची पोरगी वॉचमनला बोलवायला पळाली. वॉचमन आला तो बिचारा हळूच म्हणाला, "मावशी, चला ना बाहेर, माझी नोकरी जाईल." त्याच्यासाठी बाहेर गेले. पायरीवर बसले. पायरी रस्त्याची आहे, क्लिनिकची नाही.

तासाभराने एक बाई बाहेर आली. चांगल्या घरची, पर्स छातीशी घट्ट. पुढे गेली, परत आली. म्हणाली, "माझी उजवी आहे. दोन महिने झाले." मी तिला डॉक्टरिणीचं नाव लिहून दिलं. ती म्हणाली, घरी कोणाला माहीत नाही की मी हे करून घेतलंय. म्हटलं, "घरच्यांना नंतर सांगा. आधी आत जा आणि त्याला सांगा, पाणी बाटलीत दे." आत गेली की घरी गेली ते मी बघितलं नाही, माझी बस आली.

मंगळवार, २९ एप्रिल

आज ऑपरेशन. सात वाजता नेणार. भीती वाटते का असं नर्सने विचारलं. म्हटलं, लवकर आटपा, मला कामं आहेत. वही नवऱ्याकडे देते आहे. उघडलीस तर बघ, असं सांगितलंय.

शुक्रवार, २ मे

झालं. दोन्ही बाजूंना नळ्या आहेत, हसलं की ओढतात. टाके बघितले. बरे घातलेत. मी याहून बारीक घातले असते.

नर्स म्हणाली, तुमचे मिस्टर सहा तास कॉरिडॉरमध्ये उभे होते, चहासुद्धा घेतला नाही. मी शुद्धीवर आले तेव्हा मात्र खुर्चीत तोंड उघडं टाकून घोरत होता. ऐन वेळेला झोपणारा माणूस.

वहीच्या या पानाला कसला तरी पाण्याचा डाग आहे. ग्लास सांडला असणार त्याने.

बुधवार, १४ मे

काढलेल्या सगळ्याचा रिपोर्ट आला. अख्खं निघालं. कडेला कुठेही शिल्लक नाही. औषध नाही, किरण नाही, फक्त ठरलेल्या तारखांना दाखवायला यायचं.

डॉक्टरीण म्हणाली, अशा पेशंटची एक मोठी नोंदवही असते, कुठे किती सापडल्या ते त्यात मोजतात, तुमची नोंद करू ना? म्हटलं, करा, आणि आधी तीनदा पाणी फेकलं तेही लिहा. मोजायचंच नाही आणि दुर्मीळ म्हणायचं, ही चांगली सोय आहे.

बाहेर आल्यावर नवऱ्याला सांगितलं, सगळं निघालं. तो "बरं" म्हणाला आणि नाक शिंकरत बसला. उन्हाळ्यात सर्दी.

सोमवार, २ जून

आज कामावर. सपाट छातीवर साधा सदरा घालून गेले. आत काही भरलं नाही, वर काही ओढून घेतलं नाही. मालक भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून बोलायला लागला.

"मालक, इकडे बघा. मी इथे आहे."

बघितलं एकदाचं. म्हणाला, मापाला आता दुसरी बाई घेतली आहे. मला माहीत होतं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. नऊ वर्षं माझ्या अंगावरून या गावातल्या बायकांचे नंबर ठरले.

मास्तरीणबाईंनी मला कापणीच्या टेबलाशी ओढलं. "इथे उभी राहा. डोळे शाबूत आहेत ना तुझे? माझे गेलेत म्हणे." नवीन मापाची पोरगी लाजत पडद्यामागे उभी होती. आजपर्यंत आम्ही एकाच बाजूला टेप लावायचो आणि दुसरी तेवढीच धरायचो. मी दोन्ही बाजूंना लावली, दोन आकडे वेगळे लिहिले. दर महिन्याला घेणार म्हणून सांगितलं. पोरगी म्हणाली, "मावशी, माझं तर सगळं देवाघरचंच आहे." म्हटलं, असू दे, त्याच्याही मालाची तपासणी होते इथे.

दुपारच्या सुट्टीत फोन वाजला. गोडबोल्या. आवाज ओळखूच येईना, त्यातली साखर गेली होती.

"ताई, एक विचारायचं होतं. तुमची ती तपासणी... त्यांनी नाव काय सांगितलं होतं?"

"कशाला पाहिजे?"

"एक पेशंट आहेत. समोरच बसल्या आहेत. तपासल्याशिवाय उठणार नाही म्हणतात."

मला वाटलं, ठेवावा फोन. तळमळू दे. नऊ वर्षं दात दाखवले, आता नाव विचारतोय चौथी नापास बाईला. पण समोर ती बसली होती ना, पर्सवालीच असणार.

"पाणी कुठे आहे आत्ता?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बाटलीत की बेसिनमध्ये?"

"बाटलीत," तो म्हणाला.

मी रिपोर्टवरून एकेक अक्षर लावून त्याला नाव सांगितलं. वेळ लागला. तो थांबला. मग म्हटलं, आता मला वाचून दाखवा. त्याने वाचून दाखवलं, एका ठिकाणी चुकला, मी सुधारलं.

"आणि त्यांना फोन द्या," मी म्हणाले. "तुमच्याशी बोलून झालं माझं."